उन्हात पिकते ती कातडी

मराठीत म्हणतात, "हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत." उर्दूतही अगदी हेच म्हणतात, "ये बाल धूप में सफ़ेद नहीं किए." मी दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे अशा जोड्या सापडल्या की फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते. एकदा आठवीच्या वर्गात ही जोडी लिहिली, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "आपा, पण उन्हानं खरंच केस पांढरे होतात का?"

भाषेच्या तासाला आलेला विज्ञानाचा प्रश्न. केस पिकतात ते मुख्यतः वयामुळे आणि घराण्यातून आलेल्या गुणांमुळे, म्हणजे दोन्ही भाषांतल्या जुन्या लोकांचं बरोबरच आहे. अनुभवानं केस पांढरे होतात, उन्हानं नाही. पण उन्हानं पिकते ती कातडी. त्यावर मात्र आपल्याकडे म्हण नाही, आणि माहितीही फारशी नाही. आपल्याकडे ऊन म्हटलं की बायकांना एकच भीती असते, रंग काळा पडण्याची. खरं नुकसान वेगळंच असतं आणि ते रंगापेक्षा खोल असतं.

आधी एक साधी गोष्ट करून बघा. दंडाची आतली, काखेकडची बाजू पाहा आणि मग हाताच्या पंज्याची वरची बाजू पाहा. दोन्हींची जन्मतारीख एकच आहे. तरी एकीकडची कातडी मऊ, एकसारखी आणि दुसरीकडची खरखरीत, डागाळलेली, रेषांची. हा फरक वयाचा असता तर दोन्हीकडे सारखाच दिसला असता. पंज्यानं जास्त काम केलं हे खरं, पण त्यानं ऊनही जास्त खाल्लं.

माझ्या दोन खाला आहेत. दोघींत दीड वर्षाचं अंतर. थोरलीचं आयुष्य घरात शिलाई मशीनवर गेलं, धाकटीचं कापसाच्या शेतात. लग्नकार्यात अनोळखी माणसं धाकटीलाच मोठी समजून तिला आधी सलाम करतात. ती हसून म्हणते, "मला मान मिळतो, बरंच आहे." घरात हा विनोद झाला आहे. पण त्या विनोदामागे वीस-पंचवीस वर्षांच्या वेचणीचं ऊन आहे.

सूर्यप्रकाशात आपल्याला न दिसणारे काही किरण असतात. १८०१ साली योहान विल्हेल्म रिटर या जर्मन शास्त्रज्ञानं प्रिझममधून पडलेल्या रंगपट्ट्यात जांभळ्या रंगाच्याही पलीकडे, जिथं डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथं चांदीचा क्षार ठेवला. तो तिथं सगळ्यात लवकर काळा पडला. हेच अतिनील किरण. जमिनीपर्यंत यातले दोन प्रकार पोचतात. एक यूव्हीबी, म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरी. यांच्यामुळे कातडी भाजते, लाल होते. त्या मुख्यतः वरच्या थरातच अडतात. दुसरा यूव्हीए, म्हणजे ३१५ ते ४०० नॅनोमीटर. हे किरण भाजत नाहीत, म्हणून कळत नाहीत. पण ते खालच्या थरापर्यंत उतरतात. सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात, ढगांतूनही ते येत राहतात. आणि साध्या काचेतूनही आत येतात.

काचेची गोष्ट पटावी म्हणून मी एक उदाहरण नेहमी सांगते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका माणसाचा फोटो छापून आला. त्यानं २८ वर्षं मालवाहू ट्रक चालवला होता. तिथं चालक गाडीच्या डाव्या बाजूला बसतो. त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेल अशी होती. डावी बाजू, खिडकीकडची, जाड सुरकुत्यांची, लोंबलेली, वीस वर्षांनी मोठ्या माणसाची वाटावी अशी. एकाच माणसाच्या दोन बाजू. काचेनं यूव्हीबी अडवले होते, यूव्हीए सोडले होते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, एवढाच काय तो फरक.

आता कातडीच्या आत काय होतं ते पाहू. इथं मला माझ्या विषयाची मदत घ्यावी लागते. उर्दूत 'दुआ' आणि 'दग़ा' हे दोन शब्द लिहिताना फरक फक्त एका नुक्त्याचा असतो. ऐन अक्षरावर एक टिंब पडलं की आशीर्वादाचा विश्वासघात होतो. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा मजकूर असतो, चारच अक्षरांत लिहिलेला. यूव्हीबी किरण पडला की शेजारी शेजारी असलेली दोन 'थायमिन' अक्षरं एकमेकांना चिकटतात. पेशी दुभंगताना या मजकुराची नक्कल करते, तेव्हा तिला ही चिकटलेली अक्षरं नीट वाचता येत नाहीत आणि चुकीचं अक्षर पडू शकतं. एक-दोन चुकांनी बिघडत नाही. पण नको त्या जागी चुका साठत गेल्या तर त्यातून कर्करोगही होऊ शकतो.

पेशी गप्प बसत नाही. संगणक येईपर्यंत उर्दू वर्तमानपत्रं कातिब हातानं लिहीत. मजकुरात चूक सापडली की कातिब तेवढी ओळ कापून काढायचा, नव्या पट्टीवर बरोबर मजकूर लिहायचा आणि त्या जागी चिकटवायचा. पेशी नेमकं हेच करते. चिकटलेल्या अक्षरांच्या दोन्ही बाजूंनी काप घेऊन साधारण तीसेक अक्षरांची पट्टी ती काढून टाकते आणि समोरच्या धाग्यावरून वाचून नवी पट्टी भरते.

हे काम नीट उलगडून दाखवणाऱ्यांत अझीझ संजार यांचं नाव मोठं आहे. आग्नेय तुर्कस्तानातल्या मार्दिन प्रांतातलं सावूर हे त्यांचं गाव. १९४६ चा जन्म, आठ भावंडांत सातवे. आई-वडील निरक्षर, पण मुलांनी शिकावं यावर ठाम. इस्तंबूलमधून डॉक्टर होऊन ते आपल्याच भागात परतले, तिथं रुग्ण तपासले, मग संशोधनासाठी अमेरिकेत गेले. अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनए पेशी कसा दुरुस्त करते, हाच त्यांच्या आयुष्याचा विषय झाला. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासोबत मिळालं. हे नाव मी वर्गात मुद्दाम सांगते. 'आई-वडील निरक्षर' हे शब्द ऐकल्यावर मागच्या बाकावरची दोन-तीन डोकी नेहमी वर होतात.

ही दुरुस्ती नसेल तर काय होतं, तेही माहीत असायला हवं. 'झेरोडर्मा पिग्मेंटोसम' नावाचा एक दुर्मीळ आजार आहे. या मुलांच्या पेशींना अशी पट्टी बदलताच येत नाही. थोड्याशा उन्हानंही त्यांची कातडी भाजते, लहानपणीच डाग पडतात, कोवळ्या वयात कर्करोग होतो. त्यांना सूर्यापासून जवळजवळ पूर्ण लपून राहावं लागतं. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच हा आजार होतो. त्यामुळे नात्यात लग्नं होणाऱ्या समाजांत त्याचा धोका वाढतो. आपल्यात चुलत-मावस भावंडांची लग्नं होतात. बाकी वादात न पडता एवढं म्हणेन की, घराण्यात असा आजार असेल तर रिश्ता ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

यूव्हीए किरणांचं काम वेगळं. कातडीच्या खालच्या थरात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे दोर असतात. चारपाईच्या सुतळीसारखे ते कातडी ताणून धरतात. यूव्हीएमुळे पेशींत ऑक्सिजनची उपद्रवी रूपं तयार होतात, आणि त्या धोक्याच्या इशाऱ्यानं पेशी काही विकरं सोडतात. ही विकरं म्हणजे कात्र्याच. ती कोलॅजनचे दोर कापतात. नंतर दुरुस्ती होते, पण दर वेळी थोडी कमी पडते. शिवाय नवे दोर विणणाऱ्या पेशीही सुस्तावतात. सुतळी ढिली झालेल्या चारपाईचं जे होतं, तेच कातडीचं होतं. एका दिवसाच्या उन्हानं सुरकुती पडत नाही. हजारो दिवसांची अपुरी दुरुस्ती म्हणजे सुरकुती.

मग रंगाचं काय? ज्या काळेपणाला आपण घाबरतो, तो या पेशींचा पहारेकरी आहे. ऊन पडलं की कातडीतल्या रंगपेशी मेलॅनिन बनवून शेजारच्या पेशींना देतात, आणि त्या पेशी ते आपल्या केंद्रकावर टोपीसारखं धरतात, म्हणजे आतला मजकूर सावलीत राहतो. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या कातडीत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या कणांचा आकार, प्रकार आणि मांडणी यांत. म्हणून सावळ्या कातडीवर सुरकुत्या उशिरा येतात. 'मुलगी चांगली आहे, पण रंगानं जरा दबलेली आहे,' असं म्हणून रिश्ता परत पाठवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की, त्या मुलीला अल्लाहनं जन्मतःच छत्री दिली आहे. ही छत्री पुरी नसते. सावळ्या लोकांत सुरकुत्यांआधी काळे डाग, वांग आणि असमान रंग दिसू लागतो.

आणि इथंच धोका सुरू होतो. बाळंतपणानंतर वांग आले की बाई डॉक्टरकडे जात नाही. ती मेडिकलवाल्याकडून किंवा पार्लरमधून ट्यूब आणते. आठ दिवसांत चेहरा उजळतो, मैत्रिणी विचारतात, ट्यूब घरोघर जाते. अशा कितीतरी ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. काही महिन्यांनी चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ येतं आणि ट्यूब बंद केली की आग होते. काही क्रीममध्ये तर पारा असतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात गोरं करणारी क्रीम वापरणाऱ्या लोकांना मूत्रपिंडाचा आजार झाल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं, आणि क्रीममध्ये पारा सापडला. ज्या डब्यावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि घटकांची यादी नाही, तो डबा कितीही 'बाहेरून आलेला' असला तरी घरात आणू नका. ऊन टाळणं आणि गोरं होणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं गरजेचं आहे, दुसऱ्याची गरज नाही.

आता बचाव. पहिला बचाव फुकटचा आहे, तो म्हणजे वेळ. साधा नियम असा, तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे. सूर्य ४५ अंशांच्या वर असला की असं होतं. आपल्याला हा नियम नवा वाटू नये. घड्याळं येण्याआधी मुअज्जिन सावली मोजूनच वेळ ठरवत. सावली सगळ्यात आखूड होऊन पुन्हा वाढायला लागली की जोहर. दुपारची मूळ सावली सोडून ती वस्तूच्या उंचीएवढी झाली की शाफई पद्धतीनं असर, दुप्पट झाली की हनफी. म्हणजे कोकणातल्या शाफईंनी धरली किंवा आमच्याकडच्या हनफींनी धरली, तरी असरच्या अजानपर्यंत उन्हाचा जोर ओसरलेला असतो. मे महिन्यात तर महाराष्ट्रात 'शून्य सावली'चा दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर. उन्हाळ्यात बाजार, बँक, रेशनचं काम असरनंतर किंवा सकाळी लवकर उरकता आलं तर निम्मं काम झालं.

दुसरा बचाव कापडाचा. घट्ट विणीचं, गडद, कोरडं कापड किरण अडवतं. पातळ पांढरा सुती कपडा, त्यातही ओला, फारसं अडवत नाही. पुण्यात किंवा संभाजीनगरात दुपारी रस्त्यावर उभं राहून बघा. स्कूटीवरच्या सगळ्या मुली, कोणत्याही धर्माच्या असोत, डोळे सोडून चेहरा स्कार्फनं गुंडाळून जाताना दिसतात. त्या वेळी कोण कुणाची ते ओळखू येत नाही, आणि मला ते दृश्य फार आवडतं. पुरुषांसाठी सांगायचं तर, नमाजी टोपीला कड नसते. कान, मान आणि नाक उघडंच राहतं. शेतात आणि गाड्यावर काम करणाऱ्यांनी टोपीवरून रुमाल घ्यावा.

तिसरा बचाव सनस्क्रीनचा. एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा बचाव सांगतो. १५ आकडा सुमारे ९३ टक्के, ३० आकडा सुमारे ९७ टक्के आणि ५० आकडा सुमारे ९८ टक्के किरण अडवतो. त्यामुळे ५० च्या पुढच्या आकड्यांसाठी जास्त पैसे घालवण्यात अर्थ नाही. यूव्हीएसाठी डब्यावर 'पीए' आणि त्यापुढे अधिकची चिन्हं पाहा. चिन्हं जितकी जास्त, तितका बचाव जास्त. प्रमाणही महत्त्वाचं आहे. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं क्रीम लागतं. आपण वाटाण्याएवढं लावतो आणि मग म्हणतो उपयोग नाही. बाहेर उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं.

याचा उपयोग होतो का, हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये नांबोर गावी नीट तपासलं गेलं. १९९२ ते १९९६ या काळात ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांच्या पंज्यावरच्या कातडीचे ठसे आधी आणि नंतर घेतले गेले. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, काहींना आपल्या मर्जीनं. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या कातडीचं म्हातारपण २४ टक्के कमी निघालं. त्याच प्रयोगात काहींना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी काही विशेष फरक पडला नाही. ते लोक बहुतेक गोरे होते, त्यामुळे तोच आकडा आपल्याला लावता येणार नाही. पण दिशा कळते. आवळा, गाजर, पपई जरूर खा. मात्र त्यांनी ऊन अडत नाही.

बहिणी मला दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, सनस्क्रीन लावून वुजू होतो का? पाणी कातडीपर्यंत पोचायला हवं, हा मूळ नियम. तेलासारखं जिरणारं क्रीम पाणी अडवत नाही. पाण्यानं न निघणारा, जाड थर देणारा प्रकार असेल तर तो आधी धुऊन काढावा. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावं. माझी सोपी पद्धत अशी, सकाळी लावते, जोहरला चेहरा साबणानं धुऊन वुजू करते आणि नमाजनंतर पुन्हा लावते. दुसरा प्रश्न, रोजात चालतं का? कातडीवर वरून क्रीम लावल्यानं रोजा तुटत नाही.

एक बाजू मात्र विसरून चालणार नाही. याच यूव्हीबीनं कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. काचेतून यूव्हीबी येत नाही, त्यामुळे बंद खिडकीशी बसून ते मिळत नाही, यूव्हीए मात्र मिळतो. आपल्यातल्या कितीतरी बायका घरात सावलीत, बाहेर पूर्ण झाकलेल्या, आणि मग हाडं दुखतात, कंबर धरते. नकाब सोडा असं मी म्हणत नाही, मीही घालते. अंगणात किंवा गच्चीवर, आडोशाला, चेहरा झाकून हात-पाय थोडा वेळ उन्हात ठेवता येतात. सावळ्या कातडीला थोडा जास्त वेळ लागतो. दुखणं असेल तर रक्त तपासून डॉक्टर सांगतील ती गोळी घ्यावी. कुणाच्या सांगण्यावरून इंजेक्शनं घेत सुटू नये.

हे सगळं मी गेल्या वर्षी शाळेतल्या माता-पालक सभेत सांगितलं. शेवटी भाजीचा गाडा लावणारी एक आई म्हणाली, "आपा, आमचा धंदाच दहा ते चार. दोन तासांनी क्रीम लावायचं म्हणता, एका ट्यूबला माझी दोन दिवसांची कमाई जाईल." सभा हसली, ती हसली नाही. तिला मी क्रीम सांगूच शकत नव्हते. तिला लागते गाड्यावर घट्ट कापडाची मोठी छत्री, पूर्ण बाह्या, मानेवर रुमाल, आणि बाजारात झाडं. यातल्या पहिल्या तीन गोष्टी तिनं केल्या. चौथी तिच्या हातातली नाही. आठवडी बाजाराच्या जागेत सावलीचं एकही झाड उरलेलं नाही, म्हणून आम्ही काही शिक्षकांनी आणि गाडेवाल्यांनी मिळून अर्ज दिला आहे. शाळेतही कवायतीचा तास दुपारचा होता, तो पहिल्या तासाला आणायचं मुख्याध्यापकांनी मान्य केलं. मुलींना मी सांगितलं आहे, यंदा पावसाळ्यात मैदानाच्या पश्चिमेला कडुनिंब लावायचे आणि प्रत्येकीनं एकेक सांभाळायचा. दुपार कललेल्या उन्हात त्या झाडांची सावली मैदानावर पडेल. ती पडायला सात-आठ वर्षं लागतील. तोवर या मुली कॉलेजात असतील, सावलीत उभ्या असतील त्या दुसऱ्याच मुली.